मिरजेत सांगितलेली मुदत

आमच्या घरात वेळ दोन तऱ्हेने मोजली जायची. बाहेरच्या सोप्यात वडील ती इंग्रजीत मोजायचे आणि आत चुलीपाशी आई तिच्या पद्धतीने. मधे एक जुन्या लुगड्याचा पडदा होता. तो पडदा म्हणजे मोठी भिंत आहे, असा वडिलांचा समज होता आणि पुष्कळ वर्षं माझाही तोच होता.

वडील कराडच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. शाळेआधी सकाळी सोप्यात शिकवणी असायची. इंग्रजीत नापास झालेली आणि पुढेमागे होऊ घातलेली मुलं सतरंजीवर मांडी घालून बसायची. वडिलांना सगळं इंग्रजी आवडायचंच, पण वेळेचे शब्द शिकवताना त्यांना वेगळाच हुरूप यायचा. ते म्हणायचे, "मराठी माणूस 'आत्ता येतो' म्हणून जातो आणि तिसऱ्या दिवशी उगवतो. इंग्रजाचं तसं नाही. तो शब्दातच कुंपण घालतो." मग 'फॉर' म्हणजे किती काळ, 'सिन्स' म्हणजे कधीपासून, 'विदिन' म्हणजे तेवढ्या मुदतीच्या आत, 'बाय' म्हणजे त्याच्या पलीकडे एक दिवससुद्धा नाही, असं एकेक कुंपण ते फळ्यावर घालायचे. पंधरवड्याला फोर्टनाइट. अधूनमधून म्हणायचं तर वन्स इन अ व्हाइल. तूर्तास म्हणायचं तर फॉर द टाइम बीइंग. मुलं एका सुरात ते घोकायची आणि बाहेर रस्त्यावरून जाणारा दूधवाला त्यांच्या सुरात सूर मिसळून पुढे जायचा.

दर श्रावणात हाच धडा असायचा, कारण पुढे चाचणी परीक्षा असायची. मला तो इतका पाठ होता की त्याचा वीट आला होता. पुढे मी आयुष्यभर गणित शिकवलं, इंग्रजीच्या वाटेला गेले नाही. त्याचं कारण लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर सांगते.

आईचं माहेर शिराळ्याचं. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती. ती वेळ सांगायची ती अशी, "भात शिजेस्तोवर ये", "चार घास खाईस्तोवर थांब". माझा जन्म कधीचा असं विचारलं की ती म्हणायची, "ऊस तुऱ्यावर आला व्हता." वडील लगेच तारीख, वार, तास सांगायचे आणि वर म्हणायचे, "उसाचा तुरा शाळेच्या दाखल्यावर चालत नाही." आई हसायची. तिला या थट्टेचं वाईट वाटायचं नाही, निदान तसं ती दाखवायची नाही.

तिचं एकच मागणं असायचं आणि ते वर्षातून एकदाच. नागपंचमीला माहेरी जायचं. शिराळ्याची पंचमी म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. गाडग्यातून निघालेले नाग, वाजंत्री, अंगणातले फेर, फुगड्या, आदल्या दिवशी भावासाठी धरलेला उपास. मामा दरवर्षी मुराळी म्हणून तिला न्यायला यायचा. डोक्याला पटका, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. वडील त्याला मानानं बसवायचे, चहा द्यायचे आणि म्हणायचे, "तोंडावर चाचणी आहे हो. घरात मुलं येतात-जातात. पुढच्या वर्षी नक्की पाठवतो." खरं म्हणजे त्यांना साधा चहाही करता यायचा नाही, आणि आई घरात नसली की त्यांचं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही. मामा मान हलवायचा, पिशवी रिकामी करायचा आणि दुपारच्या एस.टी.नं परत जायचा. आई खिडकीतून त्याला कोपऱ्यापर्यंत बघायची आणि मग शेंगा निवडायला बसायची.

बहात्तरचा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा आईचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा झाला, हिंग झाला, मग गावातल्या डॉक्टरांचं औषध झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडील तिला मिरजेला घेऊन गेले. दवाखान्यासाठी माणसं मिरजेलाच जायची, अजूनही जातात. सोबतीला मी. मी तेव्हा अकरावीच्या वर्गात जाणार होते.

तपासण्या झाल्या. डॉक्टर दक्षिणेकडचे होते, केस पांढरे, आवाज मऊ. मराठी मोडकंतोडकं. आई स्टुलावर पदर सावरून बसली होती, मी तिच्या मागे उभी. वडिलांनी आपण इंग्रजीचे शिक्षक आहोत हे सांगितलं आणि डॉक्टरांना हायसं वाटलं असावं. दोघं इंग्रजीत बोलू लागले. पोटातली गाठ काढण्यापलीकडे गेली होती. वडिलांनी किती वेळ आहे असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आय अ‍ॅम सॉरी. इट इज अ मॅटर ऑफ मंथ्स." काही महिन्यांचा प्रश्न आहे. वडिलांनी वर्गात मुलाला विचारावं तसं पुन्हा विचारलं, "हाउ मेनी मंथ्स?" डॉक्टरांनी मान हलवली. वर्ष नाही, एवढंच म्हणाले. मग ते उठून आईजवळ आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आराम करा, आई. सगळा बरा होणार."

आई त्यांच्याकडे बघून हसली आणि तिनं हात जोडले.

बाहेरच्या व्हरांड्यात वडिलांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तुला सगळं कळलं?" म्हणाले. मी हो म्हटलं. "आईला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर ती आताच खचेल." मी मान हलवली. त्या वयात वडिलांचं म्हणणं खोडून काढायची माझी हिंमत नव्हती आणि मला वाटलं, त्यांचं खरंच आहे. आम्ही बाकावर बसलेल्या आईकडे आलो तेव्हा वडील मोठ्यानं म्हणाले, "काही विशेष नाही. वेळ लागेल थोडा, पण बरं वाटेल." आई म्हणाली, "लागंना का. वेळच हाय आपल्याकडं."

त्या दिवसापासून घरात इंग्रजी वाढलं. आधी ते शिकवणीपुरतं होतं, आता औषधाचं, दुखण्याचं, डॉक्टरांच्या निरोपाचं बोलणं वडील आणि मी आईच्या देखत इंग्रजीत करू लागलो. आमच्यासारख्या घरांतून ही रीतच आहे. पोरांपासून किंवा म्हाताऱ्यांपासून काही लपवायचं असलं की चार इंग्रजी शब्द पुढे करायचे. वडील तर शुद्ध वाक्यं बोलायचे. सूनर ऑर लेटर, म्हणजे आज ना उद्या. फ्रॉम टाइम टू टाइम कळ येणार. आई समोर बसून लसूण सोलत असायची आणि आम्ही तिच्या डोक्यावरून तिच्याच मरणाचं बोलायचो. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा आम्हाला वाटायचं की आम्ही तिला जपतो आहोत.

जून लागला, शाळा सुरू झाली, शिकवणी भरू लागली. आई भाकरी करायची, पण मधेच थांबून परातीच्या कडेला कपाळ टेकायची. श्रावण आला. मामा आला, तोच पटका, तीच पिशवी. आईला बघून तो दचकला. ती वाळली होती आणि पोट मात्र पुढे आलं होतं. तो वडिलांना म्हणाला, "दाजी, ह्या साली तरी लावून द्या की. लय वाळलीया. चार दिस माहेरचं वारं लागंल."

आईनं आतून चहाचे कप आणले. कप ठेवून ती तिथंच उभी राहिली. एरवी ती आत जायची. वडिलांकडे बघत ती म्हणाली, "आवं, जाऊ का ह्या साली?"

मी वडिलांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते हो म्हणणार. त्यांनी कपाकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चाचणी आहे. आणि एवढा प्रवास तुला झेपायचा नाही. पुढच्या वर्षी चांगली बरी होऊन जा. चांगले आठ दिवस जा."

मामा गेला. आईनं शेंगा निवडल्या.

मला वडिलांचा असा राग आला की त्या दिवशी मी त्यांचं ताट वाढलं नाही. ते माझ्या मागे परसात आले. हळू आवाजात, इंग्रजीत नाही, मराठीत म्हणाले, "इतकी वर्षं मी नाही म्हणत आलो. या वर्षी एकदम हो म्हटलं तर तिला संशय येईल. तिला वाटेल, हे का बरं पाठवतायत आत्ताच?" म्हणजे तिला कळू नये म्हणून तिला जाऊ द्यायचं नाही. इतका सरळ माणूस, इतका शिकलेला, आणि असा गुंता करून बसलेला.

पंचमीच्या दिवशी आईनं पाटावर चंदनानं नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं. पुरणाची दिंडं उकडली. त्या दिवशी काही चिरायचं नसतं, तव्यावर काही टाकायचं नसतं, ते सगळं तिनं बसल्या बसल्या, थांबत थांबत, पण पाळलं. भावाचा उपास आदल्या दिवशी धरलाच होता. मी म्हटलं, या वर्षी नको धरू. ती म्हणाली, "येवढा एकच तर धरते मी मनापास्नं."

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वेळेच्या शब्दांचा धडा वडिलांनी त्या वर्षी घेतलाच नव्हता. फळ्यावर कर्तरी प्रयोग येत होता, कर्मणी येत होता, पत्रलेखन झालं, निबंध झाला. एका मुलानं आठवण करून दिली, "सर, फॉर-सिन्स राहिलंय." वडील म्हणाले, "घेऊ पुढं," आणि पुस्तकाची पानं उलटत राहिले. मुलांना आनंदच झाला असेल. मला वडिलांची कीव आली. ज्या शब्दांनी ते इतकी वर्षं मुलांना कुंपण घालायला शिकवत होते, ते आता त्यांच्याच्यानं तोंडातून काढवत नव्हते.

चाचणीच्या चार दिवस आधीची सकाळ. मुलं गेली होती. वडील आत येऊन पाटावर बसले, मी तव्यावर भाकरी टाकून चहा गाळत होते. आई चुलीपुढं भिंतीला टेकून बसली होती. आता भाकरी मी करायची, ती नुसती बघायची आणि चुका काढायची.

ती म्हणाली, "आवं, ते वेळेचं तुमी घेतलंच न्हाई की ह्या साली."

"कुठलं वेळेचं?"

"फॉर, सिन्स, विदिन. दरसाल पंचमीच्या टायमाला घेताय. पोरांची परीक्षा आली, त्यांचं नुस्कान हुईल."

वडील हसले. थोडे कौतुकानंच हसले. "तुला गं काय ठाऊक फॉर आणि सिन्स?"

"ठाऊक नसायला काय झालं? पडद्याच्या अलीकडंच तर असते मी. लग्न झाल्यापास्नं ऐकतेय. त्या तालावरच माझ्या भाकरी व्हायच्या."

आई ता म्हणता ताकभात ओळखणारी होती, हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. शेजारणीच्या चेहऱ्यावरून ती तिच्या घरातलं भांडण ओळखायची. पण तिला इंग्रजी कळत असेल, हे आमच्या दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वडिलांचं हसू हळूहळू उतरलं. कप त्यांच्या हातातच राहिला. ते मनानं मिरजेच्या डॉक्टरांच्या खोलीत परत गेले असावेत, मीही गेले. ते टेबल, ती आई, पदर सावरून स्टुलावर बसलेली.

आई चुलीकडे बघत म्हणाली, "त्या डॉक्टरचं सगळं न्हाई कळलं. लांबलांब बोलत व्हता. पर मंथ्स म्हंजी महिनं, येवढं येतं मला. आन् किती म्हणून इचारल्यावर त्यानं मान हलवली, ती तर बिनइंग्रजीची व्हती."

चुलीत लाकूड तडतडत होतं. मग वडील कसेबसे म्हणाले, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मी वाट बघत व्हते, तुमी कवा सांगताय त्याची." ती थांबली. तिला धाप लागली होती. "ते महिनं माझं व्हतं. त्यानं मला दिलं व्हतं. तुमी दोघांनी वाटून घेतलं आन् मला त्यातलं काईच दिलं न्हाई. भाऊ दारात येऊन गेला."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली.

"तुला पाठवलं असतं तर तुला कळलं असतं," वडील म्हणाले. "म्हणून नाही पाठवलं."

"कळलंच व्हतं की. तुमाला कळू नये म्हणून मी गप बसले. तुमाला वाटत व्हतं न्हवं, मला जपताय म्हणून? मग म्हटलं, वाटू दे."

वडिलांनी कप खाली ठेवला, खांद्यावरचा पंचा तोंडावर घेतला आणि रडायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. आईनं हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि मला म्हणाली, "भाकर करपतीया बघ."

त्याच दिवशी वडिलांनी शाळेत रजेचा अर्ज दिला. घराच्या दारावर कागद चिकटवला, शिकवणी बंद आहे. खाली इंग्रजीत लिहिलं, 'टिल फर्दर नोटिस'. पुढील सूचना मिळेपर्यंत. या शब्दांना शेवटाचं कुंपण नाही, आणि वडिलांनी ते कधी शिकवलेही नव्हते. त्यांना ज्याला शेवट दिसत नाही असलं काही आवडायचं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एस.टी.नं शिराळ्याला निघालो. पेठनाक्यावर गाडी बदलताना आईला उचलावं लागलं. वडिलांनी भर नाक्यावर, लोकांच्या देखत तिला दोन्ही हातांवर घेतलं.

पंचमी होऊन गेली होती. दुकानं उठली होती, रस्त्यात पिपाण्यांचे तुकडे आणि गुलाल तेवढा उरला होता. मामानं बहिणीला बघितलं आणि तिला आत घेतलं. मामीनं पाय धुवायला पाणी दिलं. वडिलांनी मामाला बाजूला घेऊन सांगितलं, सगळं, मराठीत. मामा म्हणाला, "दाजी, लेकीनं माहेरात डोळं मिटू न्हाईत म्हणत्यात. लोकं बोलतील तुमाला."

वडील म्हणाले, "बोलू देत. तिची इच्छा असेल तितके दिवस ती इथं राहील. आणि मीही राहतो, तुम्हाला चालत असेल तर." जावयानं सासुरवाडीला तळ ठोकायचा म्हणजे तेव्हा हसं करून घेण्याची गोष्ट होती. मामा त्यांची पिशवी उचलून आत घेऊन गेला.

घरामागं चिंच होती. तिला पंचमीचा झोका अजून टांगलेला होता. मामा तो त्याच दिवशी सोडणार होता, कारण त्याला दोर बैलगाडीला हवा होता. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आई म्हणाली, "मला तिथं बसवा." फळीवर गोधडी घालून आम्ही तिला बसवलं. ती दोन्ही हातांनी दोर धरून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिला स्वतःला झोका घेणं शक्यच नव्हतं. मग वडील तिच्या मागं गेले आणि हळूच, अगदी हळू, त्यांनी झोका दिला. मामीनं पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. आम्ही कुणी नवऱ्याला बायकोला असा झोका देताना बघितलं नव्हतं.

आईनं डोळे मिटले होते. थोड्या वेळानं मिटल्या डोळ्यांनीच तिनं विचारलं, "आता खरं सांगा. किती?"

वडिलांनी झोका धरला. ज्या माणसाकडे वेळेसाठी इतके शब्द होते, त्याला त्या वेळी एकही इंग्रजी शब्द सुचला नसावा.

"फार नाही," ते म्हणाले. "थोडेच दिवस."

"बरं," आई म्हणाली. तिनं डोळे उघडले आणि दारात उभ्या असलेल्या मामाला हाक मारली. "दादा, झोका काढू नगं येवढ्यात."

"न्हाई काढत," मामा म्हणाला.

पुढे रोज संध्याकाळी वडील तिला तिथं नेऊन बसवायचे. ती गेली ती दसऱ्याच्या आधी. मामानं त्या साली गाडीला शेजाऱ्याचा दोर मागून आणला, आणि झोका दिवाळीपर्यंत तसाच राहिला.